तीस मिली

मांजर माझं नाही, असं मी दीड वर्ष सांगत होते.
घरमालकाला, शेजारच्या हलीनाला, स्वतःला.
आधीच्या भाडेकरूनं मागं टाकलेल्या सामानात
एक मोडकी इस्त्री होती, आणि हा.
दारातल्या पायपुसण्यावर झोपायचा, म्हणून पायपुसणं.
नाव नव्हतं ते. पत्ता होता.

मंगळवारी तो वाळूच्या ट्रेमध्ये बसला,
उठला, परत जाऊन बसला.
वाळू कोरडी.
संध्याकाळी पोट हाताला लागलं
कच्च्या लिंबासारखं.

जनावरांच्या डॉक्टरकडे फोन केला. नुसतं बघायचे साठ पौंड.
नळी घालून दोन रात्री ठेवायचं म्हटलं तर
बाईनं आकडा इतक्या हळू सांगितला
की तिलाही तो परवडत नसावा.

धर्मादाय दवाखान्यातल्या माणसानं विचारलं,
सरकारी भत्ता मिळतो का? त्याचं पत्र?
माझ्या व्हिशात तर लिहिलंय
सरकारी पैशाला हात लावायचा नाही.
"म्हणजे गरीब असल्याचा कागद नाही तुमच्याकडे,"
तो म्हणाला, नोंद केल्यासारखं.

औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
प्राण्यांचं आम्हाला सांगता येत नाही, सॉरी.
मग मागं वळून बघून, हलक्या आवाजात,
"माणसांची गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल तर नाहीच. मरतात."
दिवसभरात फुकट मिळालेलं तेवढंच एक खरं.
हलीनानं अजमोदा उकळून पाणी आणलं,
त्यानं वास घेऊन तोंड फिरवलं.
ग्रिम्सबीत राहून त्यानं दोन दिवस माशाकडेही बघितलं नव्हतं.

नानू, माझा मावसभाऊ, जतच्या पशुदवाखान्यात कंपाउंडर.
तिथे रात्रीचे साडेबारा.
उठून त्यानं आधी शर्ट घातला, मग व्हिडिओ लावला.
"हिरडी दाब. सोड. रंग माघारी येतोय का? लाईट धर नीट."
बराच वेळ बघत राहिला.
"माझे सगळे डोस चारशे किलोच्या म्हशीचे गं, आक्का.
भागाकार करून औषध देता येत नाही."
आणि थोड्या वेळानं,
"तुंबलेलं जनावर सकाळ बघत नाही. ऊठ."

मला कोण सांगतंय.
मी रोज रात्री अकरा नंबरच्या खोलीत
स्टेन्टन आजोबांची पिशवी रिकामी करते,
मापात ओतून डोळ्यांसमोर धरते,
तक्त्यावर मिली लिहिते.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस,
अंधारात दरवेळी विचारतो,
"आज जाळ्यात किती?"

प्रेशर कुकरच्या खोक्याला भोकं पाडली
आणि त्याला घेऊन बसनं गेले.
तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
काउंटरवर ऐंशी पौंड आत्ता,
बाकीचे महिन्याला पस्तीस, पुढच्या मार्चपर्यंत.
हे ऐंशी आईच्या कवळीचे होते. तिला अजून सांगितलेलं नाही.
फॉर्मवर पहिली रेघ: मालकाचं नाव.
पेन थोडा वेळ तसंच धरून राहिले.
मग लिहिलं, सुरेखा बाबर, वडिलांच्या नावासकट,
जागा नव्हती तरी.
"आणि ह्याचं?"
"पायपुसणं."
"पाय... पूस?" ती हसली. "मिस्टर पूस. छान आहे."
मी दुरुस्त केलं नाही.
तिनं खोकं दोन्ही हातांनी उचललं,
आणि मी साडेनऊच्या ड्युटीला गेले.

पहाटे चार. अकरा नंबर.
पिशवी, माप, टॉर्च. साडेतीनशे.
खिशात फोन थरथरला.
रात्रपाळीच्या नर्सचा निरोप:
नळी बसली. थोडं रक्त आहे. तीस मिली उतरलं.
आणखी काही सांगता येत नाही, सकाळी बघू.

"आज जाळ्यात किती?" आजोबांनी विचारलं.
"तीस," मी म्हणाले.
"एवढंच?"
बाहेर येऊन बघते तर तक्त्यावरही तीसच लिहिलेलं.
खोडायचं नसतं इथे.
चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी,
आणि बाजूला सही.